हात न लावण्याची नोकरी

कोविडच्या काळात अडीच वर्षं मी ऑस्ट्रेलियातल्या मुलांची कपाळं बघत होते. कागदोपत्री माझ्या नोकरीचं नाव 'कोडिंग इन्स्ट्रक्टर' असं होतं, पण आठ-नऊ वर्षांचं मूल लॅपटॉपसमोर बसलं की कॅमेऱ्यात त्याचं कपाळ, थोडे केस आणि छताचा पंखा एवढंच येतं. काही कपाळं मी अजूनही ओळखते. मागे सिडनीच्या केलीव्हिल भागातल्या इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडताना शेजारी एक मुलगा उभा होता. भुवईवरच्या कांजिण्यांच्या खुणेवरून मी त्याला नावाने हाक मारली. त्याची आई दचकून माझ्याकडे बघायला लागली. मुलगा शांतपणे म्हणाला, "इट्स ओके मम, शी इज माय कोडिंग टीचर. शी हॅज लेग्ज."

त्यालाही मी गळ्यापर्यंतच माहीत होते.

हा धंदा काय होता ते आधी सांगते, कारण पुण्यातल्या माझ्या सख्ख्या बहिणीला अजून वाटतं की मी मुलांना टायपिंग शिकवायचे. एक मूल, एक शिक्षक, पन्नास मिनिटं. मूल आपल्या घरी आणि मी सिडनीच्या दक्षिणेला, वॉलॉंगॉंगला आमच्या गॅरेजशेजारच्या खोलीत. मुलाचा स्क्रीन मला दिसायचा. त्यावर रंगीत ठोकळे असायचे. एका ठोकळ्यावर लिहिलेलं 'दहा पावलं पुढे जा', दुसऱ्यावर 'भिंतीला लागलास तर मागे फिर', तिसऱ्यावर 'हे सगळं परत परत कर'. मुलाने ते माऊसने ओढून एकाखाली एक लावायचे, हिरवं बटण दाबायचं आणि मांजर चालतंय की भिंतीत घुसतंय ते बघायचं. बहुतेक वेळा ते घुसायचं. ते का घुसलं हे मुलाने स्वतः शोधून काढायचं, याला कोडिंग म्हणतात. 'उद्याचे संशोधक' वगैरे जे काही होतं ते कंपनीच्या जाहिरातीत होतं.

माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात 'टेक कंट्रोल' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की मुलाचा माऊस माझ्या हातात यायचा. शिवाय तपासायला म्हणून प्रत्येक मुलाची फाइल मला माझ्या लॉगिनने केव्हाही उघडता यायची. कंपनीचा नियम असा होता की मुलाला विचारल्याशिवाय कंट्रोल घ्यायचा नाही. माझा नियम त्याहून कडक होता. मी घ्यायचेच नाही. पहिल्या तासाला मी दोन्ही तळवे कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि सांगायचे, "हे माझे हात. हे तुझ्या गेमला कधीही लागणार नाहीत. प्रॉमिस." मुलांना ते फार आवडायचं. मलाही आवडायचं. आपण किती थोर शिक्षिका आहोत असं वाटायचं.

हा नियम मी स्वतःला मुद्दाम घालून घेतला होता, कारण माझी सवय वाईट. त्याआधी बावीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी मेहनतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या आणि त्या लेखी कळवायच्या. पुण्यात शोधल्या, मग सिडनीत शोधल्या. हा स्वभाव ऑफिसच्या दाराशी काढून ठेवता येत नाही. मी चहाच्या पहिल्या घोटाला बग रिपोर्ट देते असं माझा नवरा म्हणतो. लॉकडाऊन लागला आणि माझं कॉन्ट्रॅक्ट अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर संपलं. त्यातली चार मिनिटं मॅनेजर म्यूटवर होता. नोकरी गेल्याचं मला त्याच्या भुवयांवरून कळलं.

मग ही नोकरी. ट्रेनिंग जॉश नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलाने दिलं. तोच पुढे माझा सुपरवायझर झाला. त्याचं म्हणणं एकच, "बी बबली." म्हणजे सतत हसतमुख. सत्तावन्नाव्या वर्षी बबली कसं व्हायचं याचं मॅन्युअल नव्हतं. मी दोन दिवस आरशासमोर सराव केला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, दात दुखतोय का.

मुलं त्रास देतात असा समज आहे. मुलं देत नाहीत. एका पोराने ट्रॅम्पोलिनवर उभं राहून तास केला. त्याचं कपाळ दर सेकंदाला यायचं आणि जायचं, पण लूप म्हणजे काय ते त्याला सगळ्यात आधी कळलं. एका मुलीने मला म्यूट करून माझाच धडा आपल्या बाहुलीला समजावून सांगितला, आणि तिने तो माझ्यापेक्षा चांगला सांगितला असावा, कारण पुढच्या वेळी बाहुलीला सगळं येत होतं. पोर्ट केंब्लाची एक आई मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "पाच वाजेपर्यंत तो शांत बसला तरी पुरे, लव्ह. कोडिंग इज अ बोनस." एवढी प्रामाणिक अपेक्षा मी उभ्या आयुष्यात कुठल्या क्लाएंटकडून ऐकली नव्हती.

त्रास आपल्या लोकांचा. मराठी आईबाप पहिल्या तासाला तीन प्रश्न विचारायचे. सर्टिफिकेट मिळेल का, होमवर्क का नाही, आणि बाकीच्या मुलांच्या मानाने आमचा कुठे आहे. एकास एक शिकवणी आहे हो, म्हटलं तरी बाकीची मुलं त्यांना हवीच असायची. एक गृहस्थ तर टेबलाखाली बसायचे. मी प्रश्न विचारला की मुलगा खाली बघायचा आणि टेबल कुजबुजायचं, "रिपीट टाक, रिपीट." मी पाच आठवडे काही बोलले नाही. सहाव्या आठवड्यात म्हटलं, "टेबलाला माझा प्रश्न कळलाय का विचार." त्यानंतर ते खुर्ची घेऊन रीतसर शेजारी बसायला लागले. वर बिझनेस शर्ट आणि खाली चड्डी, कारण त्यांची ऑफिसची मीटिंग दुसऱ्या खोलीत चालू असायची. त्या टर्ममध्ये मुलापेक्षा बापाची प्रगती जास्त झाली. रिपोर्टमध्ये मी तसं लिहिलं. जॉशने ते वाक्य काढून टाकलं.

थोडक्यात, मुलाच्या कामात हात घालणाऱ्या मोठ्या माणसांची मी यथेच्छ टिंगल करायचे. नवऱ्याला रोज संध्याकाळी नवा किस्सा. हा माझा तोरा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण आता तो उतरणार आहे.

ईरा नऊ वर्षांची होती. केलीव्हिलला राहायची. तिची आई केतकी वेस्टमीड हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. त्या दिवसांत ती घरी आली की आधी गॅरेजमध्ये कपडे बदलायची आणि मग मुलीला जवळ घ्यायची. ईराला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची इंग्लिश, आणि अडलं की मराठी. कंपनी म्हणायची शिक्षकाला नावाने हाक मारा. केतकीने सांगितलं, मावशी म्हण. त्यामुळे वॉलॉंगॉंगची पोरं मला 'शूबा' म्हणत असताना ही एकटी शुभामावशी म्हणायची.

ईराचे आजोबा म्हणजे केतकीचे वडील. ते नाशिकचे. निवृत्त ओव्हरसीअर आणि कॉलनीच्या कॅरम स्पर्धेचे कायमचे पंच. वर्षातले सहा महिने ते आणि आजी केलीव्हिलला असायचे. आजोबा ईराबरोबर रोज दुपारी शाळेनंतर कॅरम खेळायचे. एका लग्नासाठी दोघं नाशिकला गेले आणि इकडे ऑस्ट्रेलियाने बॉर्डर बंद केली. वर्षभराने आजोबांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले, पण उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. केतकी दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांचे हात हलवून घ्यायची आणि स्वतःच्या वडिलांकडे तिला जाता येत नव्हतं.

आजोबा फोनवर यायचे बंद झाले. आजी सांगायच्या, झोपलेत. मग सांगायच्या, अंघोळीला गेलेत. अंघोळ दोन-दोन तास चालायला लागली तेव्हा ईराला कळलं.

"ही डझन्ट वॉन्ट अस टु सी," ती मला म्हणाली. तासाला सुरुवात व्हायची होती आणि मी विचारलं होतं, आज काय करू या. "पण कॅरम असेल तर येतील. शुअर."

अख्खा कॅरम करणं नऊ वर्षांच्या मुलीच्या आवाक्यात नव्हतं. मग तिनेच वाट काढली. वरून सोंगट्या पडतात. खाली स्ट्रायकर डावीकडे-उजवीकडे सरकतो. स्ट्रायकरवर सोंगटी झेलली की पॉइंट, राणी झेलली की पाच पॉइंट. सोंगटी सुटली की एक लाइफ कमी, तीन सुटल्या की खेळ संपला. दोन बाणांची बटणं, म्हणजे डाव्या हाताने जमेल. सुरुवातीला कोण खेळणार ते विचारायचं, त्यासाठी दोन चित्रं, ईरा आणि आजोबा. नाशिकला आजोबांचा जुना लॅपटॉप होता. त्यावर लिंक उघडायची, आजींनी फोन धरायचा, आणि दोघांनी आळीपाळीने खेळायचं. खेळ संपल्यावरचा आवाज तिने स्वतः रेकॉर्ड केला. आजोबा पंच म्हणून ओरडायचे तसा, हेल काढून, "आऊऽऽट!"

सात आठवडे ती हे करत होती. मी फक्त प्रश्न विचारले. एकदाही बोट लावलं नाही. तासाला ती दर वेळी स्वतःच्या चित्रावर क्लिक करून खेळून दाखवायची. आजोबांच्या चित्रावर कधी केलं नाही, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. बावीस वर्षांची टेस्टर म्हणवून घेणाऱ्या बाईला ते पहिल्या आठवड्यात दिसायला हवं होतं.

टर्मच्या शेवटच्या तासाला मुलाने घरच्यांना गेम दाखवायचा अशी कंपनीची पद्धत होती. आमचा तास दुपारी चारचा, म्हणजे नाशिकला साडेअकरा. आजोबा येणार असं आजींनी कळवलं. दाढी करून घेतलीय, म्हणाल्या. आणि नेमक्या त्याच तासाला जॉशही येणार होता, शिक्षकांची पाहणी करायला.

अडीचला मी ईराची फाइल उघडली. नुसती बघायला. सवयीप्रमाणे ईराच्या चित्रावर क्लिक केलं, खेळले, तीन सोंगट्या सोडल्या, आऊट. बरोबर. मग आजोबांच्या चित्रावर क्लिक केलं. तीन सोडल्या. चार सोडल्या. दहा सोडल्या. खेळ संपेना. सुटलेली सोंगटी गुपचूप वर जायची आणि परत पडायची. ठोकळे बघितले तर 'एक लाइफ कमी कर' हा ठोकळा ईराच्या बाजूला होता, आजोबांच्या बाजूला नव्हता. विसरली बिचारी.

ती तेव्हा ऑनलाइन शाळेत होती, तिला विचारता येत नव्हतं. तिच्या तासाला पहिली पाच मिनिटं मागून घेता आली असती. पण जॉश बघणार होता. माझ्या विद्यार्थिनीच्या गेममध्ये इतका ढळढळीत बग, आणि तोही दुसऱ्या क्लिकला सापडणारा. मी तो ठोकळा ओढला, जागेवर लावला आणि सेव्ह केलं. दहा-बारा सेकंद लागली असतील. वर मला बरंही वाटलं, ओट्यावरचा ओघळ पुसल्यावर वाटतं तसं.

चार वाजता सगळे आले. केतकी हॉस्पिटलमधून मुद्दाम लवकर आली होती. नाशिकच्या चौकटीत आधी आजींची साडी दिसली, मग हलत हलत आजोबा. इस्त्रीचा शर्ट, उजवा हात शालीखाली. ईराने त्यांना किती दिवसांनी बघितलं कोण जाणे. ती नुसती खुर्चीवर वर-खाली झाली.

आधी ती खेळली. चौदा पॉइंट, आऊट. मग आजोबांची पाळी. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं बटणांवर ठेवली. आजी त्यांच्या खांद्यावरून फोन धरून होत्या, त्यामुळे आम्हाला लॅपटॉपचा स्क्रीन आणि ती दोन बोटं दिसत होती. पहिली सोंगटी पडली, स्ट्रायकर हलेपर्यंत गेली. दुसरी पडली, स्ट्रायकर उलट्या बाजूला गेला. तिसरी सरळ मधोमध पडली आणि बोट बटणावरून घसरलं.

"आऊऽऽट!" ईराच्या आवाजात लॅपटॉप ओरडला.

आजोबांनी स्क्रीनकडे नीट वाकून बघितलं. मग म्हणाले, "झा...लं?" आणि डावा हातही शालीखाली घेतला. आजी म्हणाल्या, "अहो, परत खेळा की." त्यांनी मान हलवली. फोन कलला आणि आम्हाला नाशिकचा पंखा दिसायला लागला.

"दॅट्स नॉट... इट्स नॉट सपोज्ड टु..." ईरा म्हणाली, आणि सगळ्यांसमोर ठोकळे उघडून शोधायला लागली. तिला तो लगेच सापडला. "मी हा इथे नाही ठेवला."

"ईरा, नीट चेक करायचं ना आधी," केतकी म्हणाली. चिडून नव्हे, थकून म्हणाली. वडिलांकडे बघून तिचा चेहरा उतरला होता.

"आय चेक्ड."

जॉश म्हणाला, "ऑसम जॉब एव्हरीवन," आणि स्क्रीनवर टाळ्यांची चित्रं सोडून निघून गेला. ईरा खुर्चीवर ताठ, उंच होऊन बसली. त्यामुळे तिचा अख्खा चेहरा पहिल्यांदाच कॅमेऱ्यात आला. ती माझ्याकडे बघत होती. मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "आपण पुढच्या वेळी बघू हं." जॉश गेला होता, तरी म्हटलं. माझ्या नोकरीतली सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट तो ठोकळा नाही, हे वाक्य आहे.

पुढची वेळ आली नाही. केतकीचा मेसेज आला. 'शुभाताई, ईराला आता कंटिन्यू करायचं नाहीये. तिला वाटतं तिला हे जमत नाही. बाबाही परत फोनवर येत नाहीयेत, त्यामुळे ती जरा अपसेट आहे. तुम्ही खूप छान शिकवलंत, थँक यू.'

खूप छान शिकवलंत. मी उत्तराचे तीन मसुदे लिहिले. तिन्ही टेस्टरच्या नजरेने तपासले. पहिल्यात चूक वेळेच्या अभावाची निघाली, दुसऱ्यात सॉफ्टवेअरची, तिसऱ्यात थोडीशी ईराचीच. नवऱ्याला वाचून दाखवले तर तो म्हणाला, "टेबलाखालच्या त्या माणसाने निदान एवढं लिहिलं नव्हतं." मग मी मेसेज लिहायचं सोडलं आणि रविवारी सकाळी केतकीला फोन केला. म्हटलं, ईरालाही समोर बसव.

मी काय केलं ते सांगितलं. केतकी म्हणाली, "अहो एवढंच ना? जाऊ द्या हो." मोठी माणसं पटकन माफ करतात, कारण त्यांना स्वयंपाक करायचा असतो. ईराचं कपाळ जागचं हललं नाही.

"यू शोड मी युअर हँड्स," ती म्हणाली.

"हो."

"दोन्ही."

"हो गं. दोन्ही दाखवले होते. मला वाटलं तो बग आहे."

"डिड यू आस्क मी?"

"नाही विचारलं."

"इट वॉजन्ट अ बग. आय चेक्ड इट अ हंड्रेड टाइम्स. आजोबांना आऊट करायचंच नाहीये." ती थांबली. मग अगदी सोपी गोष्ट समजत नसलेल्या बाईला सांगावी तसं म्हणाली, "ही इज कच्चा लिंबू."

नाशिकला कॉलनीत मोठी मुलं लपंडाव खेळायची तेव्हा चार वर्षांच्या ईराला कोणी घेत नसे. पंच असलेल्या आजोबांनी खाली उतरून निकाल दिला होता, ही कच्चा लिंबू, ही खेळेल, पण हिच्यावर राज्य येणार नाही. दोन सुट्ट्या ती तशी खेळली. आपण सगळ्यांच्या बरोबरीने खेळतोय असंच तिला तेव्हा वाटत होतं.

माझं सगळं लहानपण सदाशिव पेठेत कच्चा लिंबू म्हणून गेलं. पाच भावंडांत मी शेंडेफळ. आणि ते सात आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होतं तरी मला दिसलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि मी तसं ईराला सांगितलं. सॉरी म्हटलं. केतकीनेही तिच्या डोक्यावर हात ठेवून सॉरी म्हटलं.

ईराने आमच्या दोघींच्या माफीवर थोडा विचार केला. "यू हॅव टु टेल आजोबा," ती मला म्हणाली. "पण कच्चा लिंबू सांगायचं नाही. कच्चा लिंबूला सांगत नाहीत."

म्हणजे कबुली द्यायची, पण कशाची ते नीट सांगायचं नाही. बावीस वर्षांत इतकी अवघड स्पेसिफिकेशन मला कोणी दिली नव्हती.

त्याच दुपारी नाशिकला फोन लावला. आजी म्हणाल्या, "ते नाही यायचे गं." मी मुद्दाम मोठ्याने बोलले, "काकू, त्यांना एवढंच सांगा, ईराच्या टीचरला त्यांची माफी मागायची आहे." आपल्याकडचा माणूस आजारी असो, रुसलेला असो, कोणीतरी त्याची माफी मागणार म्हटल्यावर बाहेर येतोच. दोन मिनिटांत आजोबा आले. या वेळी दाढी वाढलेली होती.

"काका," मी म्हटलं, "त्या दिवशी खेळाच्या आधी मी ईराला न विचारता तिच्या गेममध्ये हात घातला. त्यामुळे तो बिघडला. तुम्ही आऊट नव्हतात. ईराची काही चूक नव्हती, माझी होती."

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"बाई," ते म्हणाले. "पंचाला... न विचारता... नियम बदलला?"

"हो काका."

"मग तो डाव... रद्द."

केतकी हसायला लागली आणि हसता हसता रडली. ईराने तोपर्यंत तो ठोकळा काढून टाकला होता. आजोबा खेळायला बसले. सोंगट्या सुटत होत्या, वर जात होत्या, परत पडत होत्या. बावीस मिनिटांनी त्यांनी पहिली राणी झेलली. आजींनी फोन तसाच हातात धरून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला आणि आम्हाला सगळं नाशिक गरागरा फिरताना दिसलं.

जॉशलाही मी लेखी कळवलं. तो म्हणाला, "नो वरीज शूबा. बट मेबी डोन्ट पुट इट इन रायटिंग." त्याला सांगायचं राहिलं की लेखी कळवणं हाच माझा मूळ धंदा.

ईरा क्लासला परत आली. पुढचे तीन महिने आजोबा रोज साडेअकराला लॅपटॉपसमोर. केतकी फोनवरून त्यांच्या बोटांचे व्यायाम घ्यायची, आणि ते गेमच्या नावाखाली करायचे. मीही दर तासाला विचारायचे, आज किती झाले. ऐंशी झाले, एकशे दहा झाले. आमच्या रस्त्यावर जांभळा जॅकरँडा फुलला होता, त्या आठवड्यातल्या एका तासाला ईरा गप्प गप्प होती. शेवटी म्हणाली, "आजोबांना माहितीये."

"काय माहितीये?"

"सगळं. फर्स्ट डेपासून." मग तिने आजोबांसारखा आवाज लावला आणि त्यांच्यासारखेच शब्द तोडत सांगितलं, "पंच म्हणून सांगतो. हा खेळाडू... आता मोठा झाला. याला... आऊट धरायचं."

"मग?" मी विचारलं.

"मी नाही करणार," ती म्हणाली. "आय डोन्ट वॉन्ट टु. यू डू इट. तुला माहितीये कुठे लावायचा."

मी दोन्ही तळवे कॅमेऱ्यासमोर धरले.

"आय नो," ईरा म्हणाली. "पण आता मी सांगतेय ना." तिने लॅपटॉपचा स्क्रीन थोडा पुढे ओढला, आणि कपाळाच्या जागी मला तिचे डोळे दिसले. माझ्या स्क्रीनवर चौकट आली, ईराने कंट्रोल देऊ केला आहे, घ्यायचा का. अडीच वर्षांत मी ते बटण तेव्हाच दाबलं. ठोकळा ओढला, जागेवर लावला आणि कंट्रोल परत दिला.

नाशिक जोडलं गेलं. केतकी येऊन ईराच्या मागे उभी राहिली. आजोबांनी दोन बोटं बटणांवर ठेवली. सहा सोंगट्या झेलल्या, एक सुटली. राणी झेलली, एक सुटली. मग एक अगदी कडेने आली आणि स्ट्रायकर तिथे पोचता पोचता राहिला.

"आऊऽऽट!"

केतकीने डोळे मिटून घेतले होते. ईरा नखं खात आजोबांच्या हाताकडे बघत होती. हात शालीकडे गेला नाही, बटणांवरच राहिला.

"परत," आजोबा म्हणाले.